पोथी आणि पकड

गेल्या महिन्यात सदलग्यास जाण्याचा योग आला. गाव आमचेच; पण पोटापाण्यासाठी कोल्हापुरात बिऱ्हाड केल्यापासून जाणे होते ते लग्नकार्याला, नाही तर कुणाच्या बाराव्या-तेराव्याला. ह्या खेपेस त्यांपैकी काही नव्हते. वडिलार्जित घराच्या कौलांची डागडुजी करून घ्यायची होती, म्हणून चार दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वहिनी चहा घेऊन आल्या आणि चहाबरोबर आपल्या धाकट्या मुलालाही घेऊन आल्या. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, मांड्या भरलेल्या, कोपराला ताजे खरचटलेले. तो दाराशीच उभा राहिला.

"आण्णा, तुम्ही पेपरात लिहिता. ह्याला जरा चार शब्द सांगा की," वहिनी म्हणाल्या. "एस. एस. एल. सी.ला गुण चांगले पडले, म्हणून सायन्सला घातला. आता म्हणतोय कबड्डीच्या निवडीला जायचंय. उद्या पाय मोडून घरात बसला तर पी. यू. सी. कोण देणार, मी?"

मुलगा काही बोलला नाही. मी विचारले, "कुठे खेळतोस?" तो म्हणाला, "डावा कोपरा." एवढेच, पण ते सांगताना मान जरा वर आली.

कबड्डी पाहणाऱ्यास कोपरा म्हणजे काय हे सांगणे नको. आमच्या लहानपणी त्या खेळाला हुतूतू म्हणत आणि शाळेमागच्या मातीत चुन्याची फक्की मारून पाटी आखली की खेळ सुरू होई. आता मॅट आली, बूट आले, २०१४ पासून व्यावसायिक संघांचे सामने घरोघर दिसू लागले. पण खेळाचा स्वभाव तोच राहिला. चढाईला जाणाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. तो गडी मारून परत आला की शिट्ट्या त्याला. कोपऱ्यावरचा गडी मात्र साखळीच्या टोकाला वाकून उभा असतो, समोरच्याच्या घोट्यावर नजर ठेवून. त्याने अर्धा क्षण आधी झडप घातली तर गडी हातचा जातो, अर्धा क्षण उशीर केला तरी जातो. बरोबर वेळी घोटा धरला की बाकीचे येऊन अंगावर पडतात आणि पकड सगळ्यांची होते. अशा जागी स्वतःहून उभा राहणारा मुलगा हूड असेल असे मला वाटेना.

वहिनींची भीती मात्र खोटी नव्हती. दूधगंगेच्या ह्या काठावर उसाचे मळे आहेत, निपाणीकडे तंबाखूच्या वखारी आहेत, आणि त्या दोन्हींच्या कष्टातून वर आलेल्या घरांना मुलाची पदवी ही एकच शिडी दिसते. त्यात हा मुलुख सीमेवरचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून इथल्या मराठी मुलाला घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि सायन्सच्या वर्गात तिसरी, असे तिहेरी ओझे आहे. त्यात खेळ आणखी कुठे ठेवायचा, असा प्रश्न आईला पडला तर तिला दोष कोण देईल? आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म १९४६ साली ह्याच गावी झाला, त्यामुळे विद्या आणि व्रत ह्यांचा मान सदलग्याला शिकवावा लागत नाही. खेळाडूही ह्या जिल्ह्याने दिले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या काळी तिथवर जाणेच केवढे! पण शाळा-कॉलेजचा वर्ग आणि मैदान एकाच माणसाने दोन्ही जिंकल्याचे उदाहरण ह्या आईसमोर कुणी कधी ठेवले नव्हते.

त्या रात्री वीज गेली होती. कट्ट्यावर बसून मी त्या मुलाला दोन माणसांच्या गोष्टी सांगितल्या, एक जवळच्याची आणि एक फार लांबच्याची. वाचकांपैकी पुष्कळांना पहिला माणूस ठाऊक असेल, दुसरा बहुधा नसेल.

पहिले म्हणजे प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर. जन्म १४ जानेवारी १८९२, मृत्यू २४ ऑगस्ट १९९३. म्हणजे शंभरी ओलांडून गेले. त्यांच्या नावामागचे 'प्रोफेसर' हे कौतुकाने लावलेले बिरुद नव्हते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत. हे कॉलेज शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ साली 'न्यू पूना कॉलेज' ह्या नावाने काढले आणि पुढे जमखंडीच्या पटवर्धन घराण्याच्या देणगीमुळे त्याला परशुरामभाऊंचे नाव मिळाले. जमखंडी म्हणजे आपल्याच कृष्णाकाठचे संस्थान. तेव्हा आमच्या बाजूच्या पैशाने पुण्यात उभ्या राहिलेल्या कॉलेजात हा गृहस्थ शब्दरूपे आणि समास समजावून देत असे, आणि सुटीत मैदानावर जाऊन गोलंदाज फोडून काढीत असे.

देवधरांच्या पहिल्या दर्जाच्या क्रिकेटचा काळ १९११ पासून १९४८ पर्यंतचा. एवढी वर्षे आज कुणी खेळेल असे वाटत नाही. ८१ सामने, ४५२२ धावा, नऊ शतके. हे आकडे आजच्या हिशेबाने मोठे वाटणार नाहीत. पण त्या दिवसांत वर्षाकाठी मोठे सामने किती होत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे वजन कळते. १९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगनचा इंग्रज संघ मुंबईस आला. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून सी. के. नायडूंनी १५३ धावा ठोकल्या, आणि तो खेळ आजही सांगितला जातो. पण त्याच महिन्यात त्याच मैदानावर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा केल्या, ही गोष्ट मात्र पुण्याबाहेर पुष्कळांच्या ध्यानात राहिली नाही. समोर मॉरिस टेटसारखा गोलंदाज असलेल्या संघाविरुद्ध एतद्देशीय माणूस असा उभा राहू शकतो हे त्या दोन डावांनी दाखविले. दोन वर्षांनी, १९२८ साली, हिंदुस्थानचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

आणि १९३२ साली भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. ते त्या संघात नव्हते. पुढेही कधी कसोटी खेळले नाहीत.

दुसरा कुणी असता तर इथे कडू झाला असता. देवधरांनी काय केले? ते महाराष्ट्राचे कप्तान झाले आणि १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक महाराष्ट्रात आणला. त्यांच्या संघात तेव्हा सांगलीचा एक तरुण होता, विजय हजारे. त्याने १९३९-४० च्या हंगामात पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या; रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. तरुणांनी असे केले म्हणून वयस्कांनी बसून राहावे असे काही देवधरांना वाटले नाही. पुढच्या हंगामात मुंबईविरुद्ध त्यांनी स्वतः २४६ धावा काढल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस! त्यानंतर, पन्नाशी ओलांडल्यावर, १९४४-४५ साली नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१. ह्या वयात आपण जिना चढताना कठडा धरतो.

हे सगळे त्यांना कसे जमले, ह्याचा विचार करताना मला त्यांच्या नोकरीची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या काळी क्रिकेटवर कुणाचे पोट भरत नसे. मग खेळाडू जगत कसे? काही संस्थानिकांच्या आश्रयाने. नायडू होळकरांच्या पदरी होते. हजाऱ्यांना देवासच्या विक्रमसिंहराव महाराजांनी आपल्याजवळ ठेवले, आणि हेच महाराज १९४७ साली शहाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले, हे इथल्या वाचकांना निराळे सांगायला नको. राजाचा आश्रय ही मोठी गोष्ट खरी, पण राजाची मर्जी ही त्याहून मोठी गोष्ट असते. देवधरांनी निराळा मार्ग धरला. त्यांना खेळात टिकविले ते त्यांच्या संस्कृतने. महिन्याचा पगार विद्येचा होता, म्हणून खेळ कुणाच्या मेहेरबानीवर लोंबकळत राहिला नाही. संघातून वगळले तरी चूल पेटत होती आणि वर्गात पाय ठेवला की विद्यार्थी उठून उभे राहत होते. छत्तीस-सदतीस वर्षे खेळण्याचे रहस्य मनगटात जेवढे असेल तेवढेच ह्या निश्चिंतपणात असावे, असा माझा तर्क आहे. घरातही खेळ आणि अभ्यास ह्यांचे वैर नसावे. कारण तारा, सुंदर आणि सुमन ह्या देवधर भगिनींनी १९४० च्या दशकात देशातले बॅडमिंटन गाजवून सोडले होते. बापाने एकाला हो आणि दुसऱ्याला नको म्हटले असते तर हे झाले नसते.

मुलाने इथे मला अडविले. "म्हणजे आधी नोकरी, मग खेळ?"

तसे नव्हे, मी म्हणालो. आणि मग मध्येच खर्डेकरांची आठवण सांगितली. कारण माणसाने दोन्ही करायचे ठरविले तरी मागे कुणी उभे असावे लागते. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला निघाले तेव्हा पैसा नव्हता. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. खाशाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ पदक आणले. स्वतंत्र भारतातल्या कुणा एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक. पदकाची गोष्ट शाळेच्या पुस्तकात येते. पण कॉलेजचा प्राचार्य, ज्याने मुलांना वर्गात बसविण्याची चिंता करायची, तो एका पैलवान विद्यार्थ्यासाठी सावकाराच्या दारी जातो, ही मला पदकाइतकीच मोठी घटना वाटते. असो. विषयांतर झाले, पण कोल्हापुरात बसून हा विषय लिहायचा आणि खर्डेकरांचे नाव घ्यायचे नाही हे बरे दिसले नसते.

आता लांबच्या माणसाची गोष्ट. त्याचे नाव जॉन उर्शेल. जन्म १९९१ चा, कॅनडातल्या विनिपेगचा; वाढला अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात. हा फुटबॉल खेळे. परंतु वाचकांनी शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमी ईर्ष्येने खेळतात तो फुटबॉल डोळ्यांपुढे आणू नये. अमेरिकनांचा फुटबॉल निराळाच. चेंडू लांबट, बहुतेक वेळ हातात धरून पळायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. प्रत्येक बाजूस अकरा गडी, आणि चढाई करणाऱ्या बाजूचे पाच आडदांड गडी अगदी पुढे ओळीने वाकून उभे. ह्यांना लाइनमन म्हणतात. चेंडू घेऊन पळणे हे ह्यांचे काम नव्हे. फेकलेला चेंडू झेलण्याचीही त्यांना एरवी परवानगी नसते. समोरून धावून येणाऱ्या तेवढ्याच आडदांड माणसांना छातीने अडवून धरायचे आणि मागच्या गड्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढेच. त्याने ते नीट केले तर त्याच्याकडे कुणी पाहत नाही. चुकला तर मात्र हजारो लोक त्याचे नाव घेतात.

"म्हणजे कोपराच की," मुलगा म्हणाला.

कोपराच. फक्त हा कोपरा तीनशे पौंडांचा, म्हणजे एकशे पस्तीस किलोंच्या पुढचा.

उर्शेलचे वडील शल्यचिकित्सक होते आणि त्यांनीही कॉलेजात हाच खेळ खेळलेला. आई मात्र मुलाला गणिताची आणि कोड्यांची पुस्तके आणून देई. त्याने विमाने-अग्निबाण बांधणारा इंजिनिअर व्हावे असे तिच्या मनात होते, आणि फुटबॉल तिला मुळीच पसंत नव्हता. मुलाने दोघांचेही ऐकले, किंवा दोघांचेही ऐकले नाही, कसेही म्हणा. शाळेत असतानाच, तेरा-चौदा वर्षांच्या वयात, तो बफेलो विद्यापीठात कॅल्क्युलसच्या वर्गाला जाऊन बसला होता. पुढे पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तो गेला तो फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. तिकडे अशी चाल आहे की चांगल्या खेळाडूची फी, राहणे, जेवण कॉलेज पाहते आणि त्याच्या बदल्यात तो कॉलेजसाठी खेळतो. पुष्कळ मुले ह्या सोयीत सोपे विषय घेऊन दिवस काढतात अशी तिथेही तक्रार असते. उर्शेलने गणित घेतले, तीन वर्षांत पदवी घेतली, मग एम. ए. केले, आणि प्रत्येक विषयात अव्वल श्रेणी ठेवली. शिकत असतानाच त्याच विद्यापीठातल्या मुलांना तो कॅल्क्युलस शिकवू लागला. शनिवारी लाखभर माणसांसमोर माणसे अडवायची आणि आठवड्यात फळ्यासमोर उभे राहायचे, असा त्याचा क्रम.

२०१३ साली एका सहकाऱ्याबरोबर त्याचा एक निबंध खगोलयांत्रिकीच्या नियतकालिकात छापून आला. विषय असा, की सूर्य आणि गुरू ह्या दोघांच्या ओढीत सापडलेल्या लघुग्रहाची वाट कुठे आणि कशी बिघडते. तीन पिंडांचा हा प्रश्न न्यूटनपासून गणितज्ञांना छळतो आहे. दोन पिंड असले की एकमेकांभोवतीच्या वाटा अचूक लिहिता येतात. तिसरा आला की सगळे सूत्र हातातून सुटते. पत्रिकेत गुरू वक्री झाला की आपल्याकडे काय काय सांगतात ते सर्वांना ठाऊक आहे. हा पोरगा गुरूचे खरे ओझे मोजत बसला होता. त्याच वर्षी त्याला विल्यम कॅम्बेल करंडक मिळाला. सगळ्या अमेरिकेतल्या कॉलेज-फुटबॉलपटूंमधून अभ्यास, खेळ आणि नेतृत्व ह्या तिन्ही बाबतींत जो सर्वांत पुढे, त्याला तो देतात. मैदानावरही तो कुणाच्या मागे नव्हता; आपल्या विभागाच्या पहिल्या पसंतीच्या संघात दोन वर्षे त्याची निवड झाली होती.

२०१४ साली बाल्टिमोर रेव्हन्स ह्या व्यावसायिक संघाने त्याला घेतले. तीन हंगाम तो खेळला. मिळालेल्या पैशात चैन करण्याचा त्याला सोस नव्हता. जुनी लहानशी मोटार, साधे राहणे, आणि रिकाम्या वेळी गणित व बुद्धिबळ. खेळात असतानाच २०१६ साली त्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या जगद्विख्यात संस्थेत पीएच. डी.साठी नाव घातले. हंगाम संपला की वर्ग, वर्ग संपला की हंगाम. देवधरांचे उलटे इथे झाले. देवधरांचा वर्ग त्यांच्या खेळाला पोसत होता. ह्या मुलाच्या बाबतीत खेळाने आधी फी भरली आणि मग गणित करीत बसण्याची उसंतही मिळवून दिली.

परंतु ह्या गोष्टीत एक काटा आहे, आणि तो त्या मुलापासून लपवून ठेवणे मला बरे वाटले नाही.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये सरावात दुसऱ्या गड्याशी टक्कर होऊन उर्शेल बेशुद्ध पडला. मेंदूला धक्का बसला. काही आठवड्यांत तो मैदानावर परतला. अंग तयार झाले होते. डोके मात्र तेवढ्यात तयार झाले नव्हते. वरच्या दर्जाचे गणित करताना जे मनातल्या मनात पाहावे लागते, आकृत्या, पृष्ठभाग, त्यांचे वळणे, ते काही काळ त्याला पूर्वीसारखे दिसेना, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. ज्याची सारी मिळकत डोक्यात आहे अशा माणसाला हे कसे वाटले असेल! तरी तो आणखी दोन हंगाम खेळला. का, असे त्याला पुष्कळांनी विचारले. ओळीत उभे राहून समोरच्याशी भिडण्याचे वेड सुटत नाही, अशा अर्थाचे काहीसे तो सांगे. ज्यांनी लाल मातीत एकदा अंग घातले आहे त्यांना हे उत्तर कळेल. डॉक्टरांना कळणार नाही, आणि तेही आपल्या जागी बरोबरच आहेत.

मग २५ जुलै २०१७ रोजी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. मरणोत्तर तपासणीसाठी दिलेल्या मेंदूंपैकी १११ मेंदू व्यावसायिक संघांतून खेळलेल्यांचे होते. त्यांतल्या ११० मध्ये वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा रोग आढळला. ह्यात एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, की असे मेंदू देणारी कुटुंबे बहुधा आधीच शंका आलेली असतात. म्हणून सर्व खेळाडूंना हाच हिशेब लावता येत नाही. तरी आकडा हादरविणारा होता. दोन दिवसांनी, २७ जुलैला, सव्वीस वर्षांच्या उर्शेलने खेळ सोडल्याचे जाहीर केले. त्याने त्या संशोधनाकडे बोट दाखविले नाही. पूर्ण वेळ गणित करायचे आहे आणि घरात पहिले मूल यायचे आहे, एवढेच सांगितले. २०२१ साली त्याला डॉक्टरेट मिळाली आणि २०२३ पासून तो त्याच संस्थेत गणित शिकवू लागला.

ह्या दोन माणसांची तुलना करू लागलो की मला एक गोष्ट जाणवते. दोघांनाही खेळ सोडण्याचा दिवस स्वतः ठरविता आला. देवधर छप्पन्न वर्षांचे होईतो खेळले, कारण त्यांना खेळायचे होते. उर्शेल सव्विसाव्या वर्षी थांबला, कारण त्याला थांबायचे होते. हे स्वातंत्र्य सगळ्यांना नसते. ज्याच्याजवळ दुसरे काही नाही, त्याला गुडघा गेला तरी खेळावे लागते, किंवा नको असता घरी बसावे लागते. आपल्या मुलखातले किती पैलवान ऐन उमेदीत फड गाजवून म्हातारपणी खुराकालाच नव्हे, औषधालाही महाग झाले, त्यांची नावे घेऊन कुणाला लाजवू इच्छीत नाही. लाज वाटायची असेल तर ती त्यांना वाटू नये. फडाभोवती बसून आम्ही टाळ्या वाजविल्या आणि उठून घरी गेलो. त्यांतला एक मीही आहे.

एवढे सांगून होईतो वीज आली. वहिनी मुलाला हाक मारायला बाहेर आल्या होत्या, त्या कट्ट्याच्या कडेला टेकल्या. शेवटचा भाग त्यांनी ऐकला असावा.

"ती अमेरिकेतली आई," त्या म्हणाल्या, "तिला खेळ नको होता म्हणता ना?"

"नको होता."

"मग तिनं काय केलं?"

"कोड्यांची पुस्तकं आणायचं थांबवलं नाही," मी म्हणालो. "आणि त्याला खेळू दिलं."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "निवड कुठं आहे?"

"चिकोडीला. रविवारी."

"सोमवारी फिजिक्सची परीक्षा आहे की रे."

"व्हय."

"पुस्तक घेऊन जा मग. एसटीत वाच." आणि मला म्हणाल्या, "आण्णा, डोक्याला मार लागला तर काय बघायचं असतं ते एका कागदावर लिहून द्या. मी त्याच्या पिशवीत ठेवते."

मी डॉक्टर नव्हे. तरी जेवढे पक्के ठाऊक होते तेवढे लिहून दिले. डोके आपटल्यावर चक्कर, ओकारी, गोंधळल्यासारखे बोलणे, काय झाले ते न आठवणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचे नाही, मुलगा कितीही म्हणो. आणि डॉक्टरांना दाखवायचे. मुलाने तो कागद वाचला, घडी घातली आणि विचारले, "घोटा मुरगळला तर?"

"तर बांधून खेळ," वहिनीच म्हणाल्या, आणि दूध उतू जाते म्हणून आत गेल्या.